बुरशी सापडली, तरी नरक्या हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, झाडांच्या आत राहणाऱ्या बुरशींवरचा लेख दोनदा वाचला. बडोद्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, म्हणून जास्तच आवडला. शेवटी मात्र लेखकाने ‘आता औषधासाठी झाडं तोडावी लागणार नाहीत’ असं लिहून टाकलंय, ते खटकलं.

ही बुरशी आम्ही मुलांना दाखवायचो. आवारातल्या कडुनिंबाची कोवळी डहाळी आणायची, ७० टक्के अल्कोहोलमध्ये आणि मग ब्लीचच्या पाण्यात बुडवायची, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायची. तिचे तुकडे आगरच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर. तिथे काही उगवलं तर बाहेरची घाण राहिली असं समजायचं आणि सगळं पुन्हा करायचं. (पहिल्या खेपेला बहुतेक पुन्हाच करावं लागे.) जमलं की चार-पाच दिवसांनी पाण्याची प्लेट कोरी आणि डहाळीच्या कापलेल्या टोकातून पांढरे धागे! “काका, झाड सडलंय का?” पोरं विचारायची. झाड ठणठणीत असायचं.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतल्या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हाही हीच आशा होती. पण आजही टॅक्सॉल यूच्या पाल्यातल्या द्रव्यापासून, नाहीतर यूच्याच पेशी टाक्यांत वाढवून काढतात. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचं इरिनोटेकान त्यापासूनच बनतं. नरक्यातली एक बुरशीही ते तयार करते, असं २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण कॅम्प्टोथेसिन देणाऱ्याच एका चिनी झाडातली फ्युजेरियम बुरशी बाहेर वाढवली, तर विरजण फिरवत फिरवत पाणचट व्हावं तसं पिढीगणिक तिचं उत्पादन घटलं. ते द्रव्य बनण्याच्या मधल्या एका पायरीला लागणारं एन्झाइम (ती पायरी घडवून आणणारं प्रथिन) तिच्याकडे नसतंच, ते झाडाचं वापरावं लागतं.

नरक्या चोरून तोडल्याच्या बातम्या आपणच छापता. ‘झाडाची गरज संपली’ असं वाचून उद्या कोणी राखायचंही सोडेल. पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
दांडिया बाजार, बडोदे