धुराच्या दिवसांत धावून आलेल्या काकूंना

काकू,
सप्रेम नमस्कार.

वणवा डोंगरांपलीकडे, ज्वाळा कुणाला दिसलेल्या नाहीत, त्यामुळे धूर म्हणजे नुसती डोळ्यांची चुरचुर असंच सगळे धरून चालले होते. तुम्ही दारात आलात आणि आधी आईच्या दम्याच्या पंपाची चौकशी केलीत. त्यात औषध किती उरलंय, तारीख उलटून गेलीय का, हे स्वतः पाहिलंत आणि कपाटातला पंप तिच्या उशाशी आणून ठेवलात. आभार मानायचे तर तिथूनच.

तुम्ही नुसते हुकूम सोडले नाहीत, कारणंही सांगितलीत. धुरातले सर्वांत घातक कण २.५ मायक्रॉनहूनही बारीक, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. असे कण नाकात अडकत नाहीत. फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात, काही तर रक्तातही उतरतात. म्हणून दमा नसलेल्या, पण हृदयविकार असलेल्या बाबांनाही तुम्ही घरात बसवलंत. ओल्या रुमालानं हे कण अडत नाहीत म्हटल्यावर बाबांनी वाद घालायचं सोडलं. निदान मोठ्यानं तरी.

एन-९५ मास्कचा धडा मात्र विसरणार नाही. एक पट्टा डोक्याच्या मागे वर, दुसरा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबत खाली आणायची, मग कडांभोवती तळवे धरून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांकडे वारा लागला की, "पुन्हा!" तुमचा आवाज थोडा पोलिसी होता, खरं सांगते. पण कडेला फट राहिली तर ९५ टक्के बारीक कण अडवण्याचा तो हिशोब फुकट, हे पटलं. दादाला तुम्ही दाढी उतरवायला लावलीत, ते आजवर आम्हाला कुणालाच जमलं नव्हतं. शिवाय धुरातले वायू मास्क अडवत नाही, तेव्हा तो घालून फिरायला निघायचं नाही, हेही बजावलंत.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही आम्हाला अख्ख्या घराच्या मागे लागू दिलं नाहीत. एकच खोली धरायची, कमी खिडक्यांची. दाराखाली टॉवेल, एसीची बाहेरून हवा ओढणारी झडप बंद. दुकानांतले एअर प्युरिफायर संपले होते, तर बारीक कण अडवणारे चार मर्व्ह-१३ दर्जाचे फिल्टर उभे करून, खाली पुठ्ठा आणि वर बॉक्स फॅन, म्हणजे चौकोनी पंखा, बसवून, चिकटपट्टीनं सगळ्या फटी बुजवून तुम्ही हवा गाळणारा ठोकळाच उभा केलात. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला हवेत, म्हणून एक पूर्ण उसवून परत लावलात! त्या खोलीत मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही आणि घरभर तळण बंद. रात्री आईची घरघर कमी झाली, ती शांत झोपली.

हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक खाली आल्याबरोबर खिडक्या सताड उघडायला लावणाऱ्याही तुम्हीच. राख झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची, तीही मास्क लावून, हे तुम्ही सांगेपर्यंत झाडू हातात आलाच होता.

ठोकळ्याचे फिल्टर आता काळे पडलेत. पुढच्या उन्हाळ्यासाठी नवे आणताना तुमच्याही खोलीसाठी एक संच आणलाय. रविवारी जोडायला येते. नाही म्हणू नका.

तुमची,
शेजारची