दारूची गाणी, केपचा रंग आणि नर्सेसचा मार्च

चि. अश्विनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू मिलिटरी नर्सिंगच्या कॉलेजात, म्हणून पलटणींच्या मार्चवर, म्हणजे परेडला बँड वाजवतो त्या ठरलेल्या धुनींवर, लिहून पाठवतो म्हणालो होतो, आणि नर्सेसचा मार्च कुठून आला तेही त्यात हवं अशी तुझी अट होती. फोनवर हे जमण्यातलं नाही. मी धून गुणगुणायला लागलो की तुझी आई टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून कागदावर.

पलटण ओळखायची दोन खुणांवरून: टोपीवरचा बिल्ला आणि बँडचा मार्च. परेडवर 'तेज चल' झालं की मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात आणि बेस ड्रमचा जड ठोका डाव्या पावलावर येतो. तुझा डावा चुकतो म्हणतेस ना? मग ड्रिल शिकवणाऱ्या उस्तादाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, कान ड्रमकडे लाव, पाय आपोआप पडेल. पचमढीच्या लष्करी म्युझिक विंगमध्ये आम्हा बँडवाल्यांच्या डोक्यात पहिल्यांदा हेच भरलं. 'धीरे चल'चा मार्च वेगळा असतो. मेसमध्ये डिनर नाइटला पाहुणे ज्या ज्या पलटणीचे असतील तिची धून वाजवायची असते. एखाद्याची राहिली तर तो साहेब महिनाभर बँडमास्तरशी बोलत नाही.

ही सगळी रीत आपल्याकडे इंग्रजांकडून आली. त्यांच्याकडे पलटणीचा मार्च म्हणजे कुणी आवडीने निवडलेलं गाणं नव्हे, त्याला वर लष्करी खात्याची मंजुरी लागते. पण मंजूर काय काय झालंय ते बघ. त्यांच्या डॉक्टरांची कोअर (कोअर म्हणजे एका कामासाठीचं लष्करी दल), रॉयल आर्मी मेडिकल कोअर, 1898 सालची. तिचा मार्च 'हिअर्स अ हेल्थ अन्टू हिज मॅजेस्टी'. हे सतराव्या शतकातलं गाणं, जेरेमाया सॅव्हिल नावाच्या माणसाचं, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातलं. आहे चक्क पेला उंचावून म्हणायचं. राजाच्या नावाने जो पिणार नाही त्याला ना अक्कल मिळो ना पैसा, गळफास घ्यायला दोरीसुद्धा न मिळो, असा त्यात शाप आहे. आणि या धुनीवर डॉक्टर परेड करायचे! त्यांचा धीम्या चालीचा मार्च 'हर ब्राइट स्माइल हॉन्ट्स मी स्टिल', म्हणजे तिचं हसू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वॉर्डातून डिस्चार्ज मिळालेल्या एखाद्या सोल्जरने लिहिलं असावं असंच नाव.

जनावरांच्या डॉक्टरांचं विचारूच नकोस. 'ड्रिंक, पपी, ड्रिंक', शिकारी मंडळींचं गाणं. लंगरवाल्या केटरिंग कोअरचा मार्च होता 'शुगर अँड स्पाइस', आणि त्यात मला काही खोट दिसत नाही. दाताच्या डॉक्टरांची कोअर 1921 सालची. त्यांच्याकडे ना राजा ना पेला. त्यांचा मार्च 'ग्रीन फेसिंग्ज', म्हणजे युनिफॉर्मच्या कॉलर-बाह्यांवरचं हिरवं कापड.

नर्सेसचा मार्चही असाच कापडावरून आहे. क्वीन अलेक्झांड्राज रॉयल आर्मी नर्सिंग कोअर, सगळे त्यांना नुसतं क्यूए म्हणतात. त्यांची धून 'ग्रे अँड स्कार्लेट'. राखाडी झगा आणि खांद्यावरचा लालभडक आखूड केप, एवढंच ते नाव. पण त्या दोन रंगांमागे जवळजवळ शंभर वर्षं आहेत, आणि मला सांगायचंय ते त्यांचंच.

1854 साली क्रिमियाच्या लढाईत फ्लॉरेन्स नाइटिंगेल 38 बायकांना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या हॉस्पिटलात पोचली. हे तू पुस्तकात वाचलंच असशील. कपड्यांचं मात्र पुस्तकवाले सांगत नाहीत. घाईघाईत ठरावीक मापांचे युनिफॉर्म शिवलेले: जाड्याभरड्या राखाडी ट्वीडचा झगा, लोकरी जॅकेट, पांढरी टोपी, आणि खांद्यावरून एक साधा पट्टा, त्यावर लाल दोऱ्याने भरलेलं 'स्कुटारी हॉस्पिटल'. उंच बाईला झगा आखूड, बुटकीला पायात येणारा. एका नर्सने नाइटिंगेलबाईंना तोंडावर सांगितलं की बाकी सगळं सोसायची तयारी करून आले होते, पण ही टोपी! टोपीचं आधी कळलं असतं तर आलेच नसते. टोपी कुणाच्या चेहऱ्याला शोभते, कुणाच्या नाही, हा तिचा मुद्दा होता, आणि मला तो रास्त वाटतो.

पण तो लाल अक्षरांचा पट्टा शोभेसाठी नव्हता. छावणीभोवती दारूची दुकानं आणि झिंगलेले सोल्जर. तिथे बाई एकटी दिसली की लोक काय समजायचे ते तुला सांगायला नको. एका नर्सला कुणी अडवलं तेव्हा त्याच्याच जोडीदाराने त्याला दटावलं: सोड तिला, मिस नाइटिंगेलची बाई आहे, दिसत नाही का? राखाडीवर लाल, याचा पहिला अर्थ हा. हिला हात लावायचा नाही. पुढे ज्यावरून मार्चला नाव मिळालं त्या जोडीची सुरुवात, मी तरी, इथेच धरतो.

लढाईनंतर इंग्लंडात नेटली इथे मोठं लष्करी हॉस्पिटल उभं राहिलं. 1869 साली जेन डीबल नावाची बाई तिथे हाताखाली नर्सेस घेऊन रुजू झाली. नवरा लष्करी सर्जन, ॲबिसिनियाच्या मोहिमेत वारलेला. 1879 च्या झुलू युद्धात ती स्वतः आफ्रिकेला गेली. अशा बायकांच्या जोरावर 27 मार्च 1902 ला शाही फर्मान निघालं आणि क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस सुरू झाली. राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची. तिच्या माहेरच्या झेंड्यावर लाल जमिनीवर पांढरा क्रूस असतो. तो क्रूस बिल्ल्यावर आला आणि ब्रीदवाक्यही त्यावरूनच झालं, लॅटिनमध्ये, 'पांढऱ्या क्रूसाखाली'. राखाडी झगा आणि लाल केप आता पक्के झाले. आणि एक गंमत: कायम नोकरीतल्या नर्सला अख्खा लाल केप, राखीव दलातलीला राखाडी केप, फक्त लाल किनार. लाल किती यावरून कोण कुठली ते वॉर्डाच्या दारातूनच कळायचं.

आता तू म्हणशील, 1902 सालीच मार्च का नाही मिळाला? नीट बघ, नावात 'सर्व्हिस' आहे, 'कोअर' नाही. पहिल्या महायुद्धात या बायका फ्रान्सला, मेसोपोटेमियाला गेल्या, तंबूत राहिल्या, काही जणी बुडालेल्या जहाजांबरोबर गेल्या, पण लष्कराच्या हिशेबात त्या धड सोल्जर नव्हत्या, धड सिव्हिलियनही नव्हत्या. हुद्दा नसलेल्याला परेड कसली आणि परेड नसलेल्याला बँड कसला? दुसऱ्या महायुद्धात 1941 साली खांद्यावर स्टार आले. शेवटी शेवटी तर आघाडीवर लाल केप बाजूला ठेवून खाकी घालावी लागली, कारण चिखलात राखाडी झगा घालून काम होत नाही. आणि 1 फेब्रुवारी 1949 ला सर्व्हिसची कोअर झाली. त्याच तारखेला बायकांची दुसरी तुकडी, विमेन्स रॉयल आर्मी कोअर, उभी राहिली. तिने 'लास ऑफ रिचमंड हिल' हे जुनं प्रेमगीत मार्च म्हणून घेतलं. क्यूएंकडे आता सिस्टरांबरोबर साध्या शिपाई मुलीही भरती होऊ लागल्या. मग ड्रिल आलं, पासिंग आउट आलं, सलामी घेणारा साहेब आला. आता धून लागणारच.

त्यांना प्रेमगीत घेता आलं असतं, राजाच्या नावाचा पेला उचलता आला असता. त्यांचा मार्च मात्र स्वतःच्या अंगावरच्या कपड्याच्या नावाचा. मला विचारशील तर सगळ्या कोअरांमध्ये हे नाव मला सगळ्यात सरळ वाटतं.

आपल्याकडची गोष्टही अशीच आहे. 1888 साली दहा शिकलेल्या नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, गोऱ्या सोल्जरांच्या हॉस्पिटलांसाठी. त्यांतल्या कॅथरीन ग्रेस लॉक रावळपिंडीला गेल्या. आपल्या शिपायांच्या वाट्याला त्या नव्हत्या, हे लक्षात असू दे. 1 ऑक्टोबर 1926 ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस झाली आणि 1943 च्या ऑर्डिनन्सने तुमच्या थोरल्यांना कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा हुद्दा, मिळालं. म्हणजे 1926 पासूनची सतरा वर्षं कामाला सगळे सिस्टर, सिस्टर करणार आणि हुद्दा विचारला की गप्प बसणार. 1976 साली गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली बाई तुमच्या सर्व्हिसची होती. कॉलेजात कुणी कॉम्बॅट आर्मचा, म्हणजे लढाऊ शाखेचा, दिमाख दाखवला तर हे ऐकवत जा, पण हसून.

इंग्लंडात 1992 साली पुरुष नर्सेसनाही क्यूएंमध्ये घेतलं. बायकांच्या झग्या-केपच्या नावाच्या धुनीवर तेव्हापासून मिशीवाले जवानही डावा-उजवा करू लागले. स्कुटारीच्या त्या झिंगलेल्या सोल्जरला हे दाखवायला हवं होतं. तुमच्याकडे अजून फक्त मुलीच.

आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी डॉक्टर, डेंटिस्ट आणि नर्सेस अशा तिन्ही कोअर मिळून एकच रॉयल आर्मी मेडिकल सर्व्हिस केली. म्हणजे राजाचा पेला, हिरव्या बाह्या आणि लाल केप आता एका छपराखाली. फौजी हिशेबाने ते बरोबरच असेल, खर्च वाचतो, बदल्या सोप्या होतात. बँडवाल्याच्या नजरेने सांगतो, मी तिथल्या बँडात असतो तर तिन्ही धुनींचे कागद कपाटात वरच्याच खणात ठेवले असते. जुन्या क्यूए पेन्शनर मेळाव्याला येणारच, आणि त्यांच्यापुढे दुसरीच धून वाजवायची माझी तरी छाती झाली नसती.

तुमच्या बँडमास्तरांना माझा नमस्कार सांग. शूजना एक नंबर मोठा घेतलास का ते कळव, नाहीतर टाचेला फोड येतील.

तुझे,
बाबा