भाच्याला वगळलं

प्रिय बंड्या,

पत्राला उशीर झाला, तर आधी शिव्या दे आणि मग पुढं वाच. मी ठीक, बीपी गोळीवर.

भाच्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंडर-सिक्स्टीन संघातून वगळलं. कारण काय, तर 'गोल होत नाहीत'. पोरगा स्मॉल फॉरवर्ड, म्हणजे गोलजवळ खेळणारा बुटका, उंची बेताची. ताई म्हणते, त्याला मिडफिल्डला टाका, तिथं बॉल तरी हाताला लागेल. एवढ्यावरून मला झोप लागत नाही, हे इथं ऑफिसात कुणाला सांगू? तूच समजशील.

नुसते गोल मोजले तर अशा खेळाडूचा अंदाज फसतो रे. उंच फॉरवर्ड मार्क घ्यायला, म्हणजे बॉल हवेत झेलायला, उडी मारतो, मागून डिफेंडर बॉलवर ठोसा मारतो. त्या ठोशानं बॉल बहुतेक वेळा ज्या बाजूनं आला त्याच बाजूला, घोळक्याच्या पुढं पडतो. म्हणून 'फ्रंट अँड स्क्वेअर': घोळक्याच्या खाली नाही, पुढं तीन-चार मीटरवर, आणि उभं नाही तर पळत यायचं. भाचा लवकर पोचतो, थांबतो, मान वर करून बॉल बघतो. बॉल डोक्यावरून जातो, आणि थांबलेल्या पायांना पुन्हा वेग घ्यायला लागेपर्यंत डिफेंडर उचलून पसार. नजर त्या ठोसा मारणाऱ्या हातावर हवी. हे शिकवता येतं. वगळून शिकवता येत नाही.

दुसरं म्हणजे कोपऱ्यातली किक. उजव्या पायाची स्नॅप, म्हणजे अंगावरून वळवून मारलेली किक, डावीकडं वळते, म्हणून ती डाव्या पॉकेटमधून (गोलजवळच्या डाव्या कोपऱ्यातून) चालते. उजव्या पॉकेटमधून त्याच पायानं चेकसाइड नावाची किक मारावी लागते, ती उजवीकडं वळते. बॉल तिरका धरून खाली, पायाजवळ सोडायचा. हा दोन्ही हातांनी उडवतो, मग बॉल पायावर वाट्टेल तसा बसतो आणि गोलाच्या सहाऐवजी बाजूनं गेल्याचा एक गुण. शिवाय नेम सरळ गोलात धरतो. नेम मैदानाच्या बाजूला धरायचा, वळण त्याला आत आणतं.

आता तुझं जुनं भांडण काढतोच, कार्लटन क्लबवाल्या. २०१३च्या शेवटी तुमचा बुटका फॉरवर्ड एडी बेट्स कार्लटन सोडून अ‍ॅडलेडला गेला तेव्हा तू म्हणालास, "असले पैशाला पासरी मिळतात." २०१४ ते २०१७, त्याचे गोल वाच: ५१, ६३, ७५, ५५. चार वर्षांत २४४, उंची १७४ सेंटिमीटर, तीनदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम संघात निवड. अ‍ॅडलेड ओव्हलच्या एका कोपऱ्याला लोक 'एडीज पॉकेट' म्हणायला लागले. पासरीचा भाव कळव.

पण २०१८ला त्याचेच २९ झाले. नुसते त्याचे पाय आखडले म्हणून नाही. आदल्या वर्षी ग्रँड फायनल खेळलेला संघ त्या वर्षी फायनल्सलाही, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांनाही, पोचला नाही. बॉल आतच नीट येईना, तर हा काय वेचणार? पंक्तीत वाढपीच आला नाही तर शेवटच्या पानाला विचारतो कोण! शेवटी तुझ्याच कार्लटननं २०२०ला त्याला परत बोलावलं. २०२१ला थांबला तेव्हा ३५० सामने, ६४० गोल. हे ऐकून तू गप्प बसशील असं मला वाटत नाही.

आणि ती २०१७ची ग्रँड फायनल. रिचमंडकडं उंच फॉरवर्ड म्हणजे एकटा जॅक रीवोल्ड, भोवती कास्टान्या, बटलर, डॅनियल रिओली असे बुटके. त्यांनी अ‍ॅडलेडच्या डिफेंडरांना बॉल शांतपणे बाहेर काढू दिला नाही, आणि ४८ गुणांनी सामना नेला. गोलापासून पन्नास मीटरच्या आत टॅकल घट्ट बसला, पंचानं 'होल्डिंग द बॉल' (पकडल्यावरही बॉल न सोडल्याचा दोष) दिलं, की फ्री किक थेट गोलसमोर. भाच्याचे असे टॅकल कुणी लिहूनच ठेवत नाही. मी ताईला म्हटलं, वही घ्या: आतले टॅकल, दुसऱ्याला मिळवून दिलेले गोल, डिफेंडरला घाईत मारायला लावलेल्या किक. ताईनं वहीऐवजी मलाच झापलं.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? धाकटीच्या अ‍ॅडमिशनचं कळव. पुण्यातल्या फ्लॅटचा तो भाडेकरू अजून तिथंच?

रविवारी भाच्याला फोन कर. माझं तो ऐकत नाही, मामा आहे ना मी. चेकसाइडचं तू सांग, आणि कार्लटनचा विषय काढू नकोस.

तुझा,
बाळ्या