शीर्षकगीत न कापल्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पाचपाखाडीहून एक बाई कापडी पिशवीत अकरा जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटी घालून, त्या डिजिटल रूपात उतरवून घेण्यासाठी ठाण्याच्या नौपाड्यातील आपल्या दुकानात आली होती, हे आपल्याला आठवत असेल. ती मीच. काम झाल्यावर मी पैसे दिले, पावती घेतली आणि पाऊस येईल म्हणून घाईने निघाले. आभार मानायचे राहूनच गेले. आपण जे वाचवले त्याचे मोल माझ्या घराबाहेरच्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

त्या कॅसेटी माझ्या आईच्या. १९८८ पासून पुढे दहा-बारा वर्षे तिने आधी दूरदर्शनवरच्या आणि नंतर अल्फा मराठी (आजची झी मराठी) या वाहिनीवरच्या आवडत्या मालिका रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक कॅसेटवर निळ्या शाईने मालिकेचे नाव लिहिले होते. आपल्याकडे येण्यापूर्वी, या अकरांखेरीज तिच्या आणखी दोन कॅसेटी मी दुसऱ्या एका ठिकाणी दिल्या होत्या. तिथून पेनड्राइव्ह मिळाला, त्यात मालिकांचे भागही होते, पण एकाही भागाला शीर्षक नव्हते. विचारले तेव्हा, “त्यात नुसती नावंच होती, म्हणून काढून टाकलं,” असे उत्तर आले. शिवाय एका कॅसेटची फीत सुरुवातीलाच चुरगळलेली परत आली. त्या दिवशी मला किती वाईट वाटले, ते घरातही कोणाला नीट सांगता आले नाही.

आपण मात्र पहिली कॅसेट हातात घेतलीत आणि ती यंत्रात न घालता तिच्या खिडकीवर टॉर्च धरलात. आत फितीच्या गुंडाळीवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली. ठाण्याच्या दमट हवेत, तीस-बत्तीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटीचे दुसरे काय होणार? ही बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते, हे आपण समजावून सांगितलेत. मग तळाचे पाच स्क्रू काढून कवच उघडलेत, फीत बाहेर घेऊन हलक्या हाताने पुसत गुंडाळलीत आणि स्वच्छ कवचात बसवलीत. ते करताना आपण बोललात ते वाक्य मी घरी आल्यावर लिहून ठेवले आहे: “चित्र फितीवर तिरक्या रेघांनी असतं बाई, आवाज मात्र एका काठाने जातो. काठ चुरगळला की आधी आवाज जातो. आणि सुरुवातीची फीत सगळ्यात जास्त झिजते, म्हणजे पहिलं मरण टायटल म्युझिकचं.” एवढे बोलून, मी काही विचारण्याआधीच, “टायटल मी कापत नाही,” असेही आपण सांगितलेत.

काका, त्या वाक्याने मला किती धीर आला! शीर्षकसंगीत म्हणजे मालिकेची नुसती पाटी नव्हे, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे, आणि तसेच मानणारे कोणी भेटेल ही आशा मी जवळजवळ सोडली होती.

‘भारत एक खोज’चेच पाहावे. श्याम बेनेगल यांच्या या त्रेपन्न भागांच्या मालिकेला वनराज भाटिया यांचे संगीत होते. लंडनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या या संगीतकाराने ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त घेतले आणि ते समूहस्वरांत असे रचले की ऐकणाऱ्याला आपण घरात बसलो आहोत याचाही क्षणभर विसर पडावा. आधी संस्कृत ऋचा येते आणि तिच्यामागून वसंत देव यांनी केलेले तिचे हिंदी रूप. सृष्टीच्या आधी सतही नव्हते आणि असतही नव्हते, इथून निघालेले ते सूक्त अखेरीस, हे सारे कुठून आले ते वरून पाहणाऱ्या त्या अध्यक्षाला तरी ठाऊक आहे की नाही, या प्रश्नापाशी येऊन थांबते. पाच हजार वर्षांचा इतिहास सांगायला बसलेल्या मालिकेने उत्तराऐवजी प्रश्नाने तोंड उघडावे, याहून योग्य सुरुवात मला तरी सुचत नाही. मी तेव्हा शाळेत होते, अर्थ काडीचाही कळत नव्हता, पण तो समूहस्वर चढू लागला की अंगावर काटा येई आणि भाग सुरू होण्यापूर्वीच मन गंभीर झालेले असे. शीर्षक कापून तोच भाग पाहिला तर माहिती तेवढीच मिळते, पण मनाची ती तयारी होत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या पेनड्राइव्हवर मला हा अनुभव आला आहे.

‘गोट्या’चे ‘बीज अंकुरे अंकुरे’ आणि ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत यांविषयी मराठी घरांना वेगळे सांगायला नको. पहिले मधुकर आरकडे यांचे, दुसरे मंगेश कुळकर्णी यांचे. दोन्हींना चाल अशोक पत्की यांची. देवकी पंडित यांचा आवाज सुरू झाला की आई कणीक मळता मळता हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राही. तिला घड्याळ पाहावे लागत नसे. शेजारच्या तिन्ही घरांतूनही तेच सूर येत, आणि जिन्यात असलेला माणूससुद्धा पायऱ्या भरभर चढू लागे. दीड-एक मिनिटात मालिकेचा स्वभाव सांगायचा, रोज ऐकूनही कंटाळा येणार नाही असे ते सांगायचे, आणि भिंतीपलीकडे भांडी घासणाऱ्या बाईलाही पहिल्या दोन सुरांत हाक पोहोचली पाहिजे, ही कारागिरी सोपी नाही. आज पडद्यावर शीर्षक वगळण्याचे बटण असते. नेटफ्लिक्सने ते २०१७ मध्ये आणले. एका बैठकीत पाच भाग पाहणाऱ्याची सोय मी समजू शकते, परंतु त्या बटणामुळे हाक मारणारे सूर रचण्याची गरजच संपत चालली आहे, याची मला खंत वाटते.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले, ते सांगते. कॅसेटी परत देताना आपण ‘आभाळमाया’ची पहिली कॅसेट मुद्दाम लावून दाखवलीत. त्यातील पहिल्या भागाचे शीर्षकगीत मध्येच, अर्ध्या ओळीपासून सुरू होते. मला वाटले, फीत खराब झाली. आपण म्हणालात, “फीत चांगली आहे. बाईंनी बटण उशिरा दाबलंय.” मग पुढचा भाग लावलात. त्यात शीर्षकाआधी एका साबणाच्या जाहिरातीचे शेवटचे काही क्षण होते, त्याच्या पुढच्या भागात आणखी थोडी जास्त जाहिरात. “बघा, दुसऱ्या दिवसापासून त्या आधीच तयारीत बसल्यात. एकदा सुटलं ते परत सुटू दिलं नाही त्यांनी.”

आईला जाऊन सहा वर्षे झाली. या फितींवर तिचा आवाज नाही, चेहरा नाही. पण तिचे बोट त्या बटणावर नेमके कधी पडले, ते प्रत्येक शीर्षकाच्या तोंडाशी उमटून राहिले आहे, आणि ते मला आपण दाखवलेत. कोणी सफाईने जाहिरात आणि शीर्षक दोन्ही कापली असती, तर तेही गेले असते.

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना आता कमी ऐकू येते. त्या रात्री मी आवाज मोठा करून ‘आभाळमाया’ लावली. जाहिरातीचा तुकडा संपून शीर्षकगीत सुरू झाले, तसे त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

काका, आपले मनापासून आभार. उरलेल्या दोन कॅसेटी, त्या चुरगळलेल्या फितीसह, दिवाळीनंतर घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
पाचपाखाडीची अकरा कॅसेटवाली