मंत्रिमहोदय, बझर नको, सरकत्या खुर्च्या द्या

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आपण आमच्या कॉलेजात आलात, फीत कापलीत आणि विद्यार्थ्यांना गटात बसून शिकता यावं म्हणून सपाट मजल्याचा, सरकत्या खुर्च्यांचा हॉल देण्याचा शब्द देऊन गेलात. परवा हॉलऐवजी पत्र आलं. ‘केस-बेस्ड लर्निंगची’, म्हणजे रुग्णाच्या केसवरून शिकण्याची, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घ्या. दर कॉलेजातून चार हुशार मुलांचा एक संघ, बझर, चषक, मागे आपल्या छायाचित्राचा बॅनर. शुक्रवारपर्यंत फोटोंसह अहवाल.

आभारी आहोत. एवढंच, की याला क्विझ म्हणतात. दोनशेच्या बॅचमधली चार मुलं खेळणार, उरलेली एकशे शहाण्णव टाळ्या पिटणार. त्या चौघांना शिकवायची गरज तशीही कमीच असते.

संघांची चुरस वर्गात कशी लावायची हे जगाला ठाऊक नाही असं नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या वर्गासाठी टीम-बेस्ड लर्निंग बसवलं. दोनशे मुलांचे सहा-सहाचे तेहेतीस-चौतीस संघ होतात. ते शिक्षकाने पाडायचे, कच्चे-पक्के मिसळून. मुलांवर सोडलं की लातूरवाले एका कोपऱ्यात, पुणेकर दुसऱ्या. संघ वर्षभर मोडायचे नाहीत. आधी आठ-दहा पानं वाचायला द्यायची. वर्गात दहा प्रश्न आधी एकट्याने सोडवायचे, मग तेच संघाने स्क्रॅच कार्डवर: पहिल्याच खरवडीला बरोबर आलं तर चार गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. उत्तरावर आक्षेप असेल तर पुस्तकाचा पान नंबर देऊन लेखी. तोंडी वाद घेतला की तास तिथेच संपतो.

मग केस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात गिया-बारेचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले, आपल्याला आठवत असेलच. पहिलं पान असं: सव्वीस वर्षांचा तरुण, वजन साठ किलो, दहा दिवसांपूर्वी जुलाब, काल जिना चढवेना, आज हाताची पकड ढिली, गुडघ्याचे रिफ्लेक्स गायब, रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के. आत्ता, या क्षणी काय कराल? अ) मणक्याचा एमआरआय, ब) पाठीतल्या पाण्याची तपासणी, क) फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी (खोल श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेचं माप), ड) स्टिरॉइड. दहा मिनिटं चर्चा, आणि तीन म्हणताच सगळ्या संघांनी अक्षराचं कार्ड एकदम वर धरायचं. एकदम. मागेपुढे झालं की पहिल्याचं ऐकून बाकीचे तीसही तेच बोलतात.

मुलं ९८ वर फसतात. श्वासाचे स्नायू थकत जातात तरी ऑक्सिजन शेवटपर्यंत टिकून राहतो. म्हणून उत्तर ‘क’: कपॅसिटी किलोमागे वीस मिलीच्या खाली, म्हणजे या तरुणात बाराशेच्या खाली आली की आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटरची तयारी ठेवायची. पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीन पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतं, आणि स्टिरॉइडचा इथे उपयोग नाही. ‘ब’ धरलेल्या संघाने ‘क’वाल्यांशी भांडायचं, पण कोण बोलणार ते चिठ्ठी काढून ठरवायचं, नाहीतर टॉपर बोलतो आणि पाच जण व्हॉट्सॲप बघतात. दुसरं पान त्यानंतरच वाटायचं. सगळी केस एकदम हातात दिली की पोरं शेवट वाचून मागे येतात. आणि प्रत्येक तपासणीला गुण कापायचे, नाहीतर सगळे संघ सगळं काही मागवतात. कॅज्युअल्टीत पुढे हेच होतं.

आता आपला बझर. बझर पहिल्या सुचलेल्या निदानावर बोट ठेवायला शिकवतो. ही सवय मोडायलाच तर केस घेतात! शेवटच्या संघाचं नाव फळ्यावर लावणं हा दुसरा गाढवपणा. तो संघ पुढच्या आठवड्यात येतच नाही.

या सगळ्याला चषक लागत नाही. सलग दोन तास लागतात, अंतर्गत गुणांतले पाच गुण लागतात आणि मान न मोडता मागच्याकडे वळता येईल अशी खुर्ची लागते. आमच्या गॅलरीतले, म्हणजे पायऱ्यांच्या लेक्चर हॉलमधले, बाक जमिनीत ठोकलेले आहेत. तिथे तिसऱ्या रांगेने चौथीशी बोलायचं म्हणजे योगासनच. एक चांगली केस लिहायला वीसेक तास जातात, दोन-चार इकडे तिकडे. ते आम्ही रात्री काढतो, कारण दिवस माहितीचे तक्ते भरण्यात जातो. एकच तक्ता तीन ठिकाणी, तीन वेगळ्या रकान्यांत.

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात लेक्चरं एक तृतीयांशाहून जास्त नकोत असं छापलेलं आहे. छान आहे. प्रवेशाच्या जागा वाढवताना मात्र खुर्च्या, खोल्या, शिक्षक कुणी मोजले? आमचे चेहरे रोज हजेरीच्या ॲपवर तपासले जातात. त्या चेहऱ्यांसमोर किती मुलं बसली आहेत, हे बघायला कुठलं ॲप आहे? कॉलेजच्या तपासणीच्या आठवड्यात भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, आठवड्याने कुंड्या जातात. पदं भरायची फाइल मात्र कुठल्या टेबलावर मुक्कामाला आहे, ते विचारलं की ‘वरून’ असं उत्तर येतं. वर म्हणजे आपणच ना?

शुक्रवारचा अहवाल वेळेत पाठवतो आहोत. फोटोत चार मुलं आणि एक बझर दिसेल. बॅनरचं बिल सोबत जोडलं आहे. ते कोणत्या हेडखाली टाकायचं तेवढं कळवावं.

आपले,
पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातले काही शिक्षक