एसटीने जाणाऱ्यांना भरतीची वेळ सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला किनारी भटकंतीचा लेख वाचला. मथळ्यात 'गाडीशिवाय जलदुर्ग' आणि तिसऱ्याच परिच्छेदात धक्क्याजवळ गाडी कुठे लावावी याची माहिती! लेख मुंबईहून निघतो आणि संध्याकाळी मुंबईलाच परततो. सोलापूर आवृत्तीत तो छापताना, इथला माणूस तिथपर्यंत कसा पोचणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही का? छायाचित्रे सुरेख होती, त्याबद्दल छायाचित्रकाराचे मनापासून आभार. पण छायाचित्रे पाहून पोरी हट्ट धरतात आणि मग आम्हाला उत्तरे द्यावी लागतात.

माझा खरा राग एका वाक्यावर आहे. 'कुलाबा किल्ल्यात सकाळी ओहोटीला चालत जाता येते.' कुठल्या सकाळी? समुद्र काय रोज सकाळी ठरल्या वेळी मागे सरतो? हेच वाक्य मी पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी छापलेले वाचले होते. त्यावर विश्वास ठेवून आमच्या गल्लीतल्या मुलींना अलिबागला नेले होते. या मुलींच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. सिद्धेश्वर तलाव आणि फार तर उजनीचे धरण, एवढेच पाणी त्यांनी पाहिलेले. आयांनी मजुरीतून बाजूला काढलेले पैसे माझ्या हातात दिले होते. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून बस. अलिबागच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत दहा वाजले.

किल्ला समोर दिसत होता. "आपल्या सिद्धेश्वराच्या देवळासारखाच पाण्यात आहे की, बाई," असे एक मुलगी म्हणालीसुद्धा. पण पाणी ओसरत नव्हते, चढत होते. वाऱ्यामुळे होडीही सुटेना. सुकट विकायला बसलेल्या एका कोळीणमावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "आज पुनव ना गो, साडेअकराला भरती. आता सांजच्याला सुकंल." सांजच्याला म्हणजे साडेपाचला. तोवर थांबून किल्ल्यात गेलो असतो, तर अंधार पडला असता, मांडव्याची शेवटची लाँच चुकली असती आणि रात्रीची सोलापूरची गाडीही गेली असती. किल्ल्यात चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे, असे मी मुलींना गाडीत रात्री उशिरापर्यंत सांगितले होते. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, तिथल्या मुलींना त्या विहिरीचे केवढे अप्रूप! ती न बघताच आम्ही परत फिरलो. परतीच्या लाँचमध्ये कुणी फारसे बोलले नाही. सगळ्यांत धाकटीने मात्र विचारले, "बाई, छापलेलं खोटं असतंय का?" या प्रश्नाचे उत्तर मी आजही शोधते आहे. म्हणूनच काल तेच वाक्य पुन्हा पाहिल्यावर पेपर बाजूला ठेवून स्वस्थ बसवले नाही.

भरतीचे गणित काही अवघड नाही. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही हे ठाऊक असते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. मधली ओहोटी सकाळी नऊला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. आमच्यासारख्या दहाला पोचणाऱ्यांनी पंचमीच्या सुमारास जावे. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराची, वेळ सोयीची. पण ती भांगाची असते, पाणी पुरेसे मागे जात नाही. तिथी तर तुम्ही पहिल्या पानावर रोज छापता. तिच्या जोडीला ही दोन ओळींची माहिती लेखात दिली असती, तर किती जागा गेली असती?

दुसरे म्हणजे, सोलापूरकराने मुंबईच गाठायला हवी असे नाही. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आपल्या दारावरून जातो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरी. रेल्वेचा सरळ रस्ता नाही, कोल्हापूर–वैभववाडी मार्ग वर्षानुवर्षे कागदावरच आहे. पण एसटी आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धे तिकीट आहे. विडी वळणारी आई आपल्या मुलीला समुद्र दाखवू शकेल, ती याच रस्त्याने. लेखात या सवलतीचा उल्लेखसुद्धा नाही.

तिकडे चालायलाही किती आहे! गणपतीपुळ्याहून वाळूतून केशवसुतांच्या मालगुंडपर्यंत पायी जाता येते. पुढे जयगडला फेरीबोटीत बसून शास्त्री नदीची खाडी ओलांडली की पलीकडे तवसाळ. तिथून हेदवी, तिथल्या बामणघळीत भरतीचे पाणी कपारीत घुसून उंच उसळते, म्हणजे तिथे भरतीच गाठायची, ओहोटी नाही. मग वेळणेश्वर, गुहागर, आणि धोपाव्याहून दाभोळला दुसरी फेरीबोट. दापोलीच्या बाजूला कर्दे, मुरुड, हर्णे असा किनारा आहे आणि हर्ण्यातून होडीने सुवर्णदुर्ग. फेरीबोटीवर मोटारी चढतात तशी पायी माणसेही चढतात. ज्याच्याजवळ गाडी नाही तो खाडीवर अडत नाही. पलीकडे मुक्कामाच्या गावाला जाणारी एसटी किती वाजता आहे, एवढेच फक्त माहीत हवे.

२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आपण तेव्हा पान भरून बातमी दिलीत, मुलींनी ते पान कापून ठेवले आहे. त्या किल्ल्यांपर्यंत नेणारी होडी कुठून सुटते, पावसाळ्यात ती बंद असते, शेवटची एसटी कधी, हेही त्याच अगत्याने छापायला हवे होते. खांदेरीला जायचे तर थळ, सिंधुदुर्गाला मालवण, एवढे तरी.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. पूर्वी आतल्या पानावर खाली एका चौकटीत रेल्वेच्या आणि लांब पल्ल्याच्या एसटी गाड्यांच्या वेळा येत. ती चौकट कधी बंद झाली? आता तिथे सदनिकांची जाहिरात असते. सगळे मोबाइलवर मिळते, असे आपल्या कार्यालयातून मला फोनवर सांगण्यात आले. आमच्या गल्लीत घरात एकच मोबाइल असतो आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. ती चौकट कापून मी भिंतीला लावत असे, मुली शाळेतून येताजाता वाचत.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा निघणार आहोत, या वेळी रत्नागिरीमार्गे. येत्या रविवारच्या पुरवणीत सोलापूरहून निघणाऱ्या माणसासाठी हा मार्ग छापावा: रत्नागिरीच्या गाड्यांच्या वेळा, जयगडच्या शेवटच्या फेरीबोटीची वेळ, तवसाळहून गुहागरकडे जाणाऱ्या एसटीची वेळ आणि सुट्टीतल्या दिवसांच्या भरती-ओहोटीचा तक्ता. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत थांबू नये. आरक्षण आधी करावे लागते आणि आयांना पैसे जमवायला वेळ लागतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
साखर पेठ, सोलापूर