काका, म्युझिक प्लेअर निवडायला मदत केलीत त्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले होते, पण ते दोन शब्दांत उरकले. आज नीट आणि सगळ्यांसमोर मानतेय. गाण्यांचा मोठा साठा घेऊन लिनक्सवर येणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं तुम्ही मला शिकवलंत, म्हणून हे पत्र उघड लिहायचं ठरवलं. तुमचं नाव लिहू नकोस म्हणालात, ते पाळतेय.

माझा प्रश्न साधा होता: लिनक्सवर सगळ्यात चांगला म्युझिक प्लेअर कोणता? एखादं नाव सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात. गाणी कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहेत की बाहेरच्या? एमपीथ्री जास्त की फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेल्या फाइली? सुटी गाणी ऐकतेस की अल्बम लावून शेवटपर्यंत? हवं ते गाणं शोधतेस कसं, गायकाच्या नावाने, फोल्डर उघडून, की समोर येईल ते? टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गाण्याची नावनिशी, मराठीत आहेत का? काम करताना प्लेअरची विंडो समोर असते की मागे कुठेतरी? कितीतरी वर्षं रोज ऐकतेय, पण आपण ऐकतो कसं हे मला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

माझ्या उत्तरांवरून निम्मे प्लेअर आपोआप बाजूला पडले. रिदमबॉक्सला तुम्ही नावं ठेवली नाहीत. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचं पूर्ण इन्स्टॉलेशन केलं की तो आधीपासून असतो, डाव्या बाजूला याद्या, वर शोधायची पट्टी, बहुतेकांना तेवढं पुरतं, असं म्हणालात. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी एलिसा, अल्बमची चित्रं बघत गाणी निवडायला आवडत असेल तर लॉलीपॉप. फोल्डर ओढून टाकायचा आणि लगेच ऐकायला लागायचं अशांसाठी ऑडेशस, त्यावर विनॅम्पच्या जुन्या स्किनसुद्धा चढतात. टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांवर, रमणाऱ्यांना सीमस. एमपीडीबद्दल मात्र तुम्ही बरंच बोललात, कारण त्याची रचनाच निराळी. वाजवणारा प्रोग्रॅम मागे चालू राहतो, त्याला स्वतःची विंडोच नसते. त्याच्याशी नेटवर्कवरून, ६६०० या पोर्टवर बोलणारे क्लायंट, म्हणजे गाणी निवडायचे प्रोग्रॅम, वेगळे. त्यामुळे गाणी जुन्या कॉम्प्युटरवर वाजतात आणि त्यांची सूत्रं हातातल्या फोनवरून हलवता येतात. मला त्याची गरज नव्हती, पण ज्याच्या घरात एक कॉम्प्युटर कायम चालू असतो त्याने आधी एमपीडीच बघावा, हे तुमचं मत मला पटलं.

मग मी विचारलं, आवाज कोणाचा सगळ्यात चांगला? तुमचं उत्तर माझ्यासाठी नवीन होतं. फ्लॅक ही फाइल कुठल्याही नीट लिहिलेल्या प्लेअरने उलगडली तरी आतून तेच आकडे बाहेर येतात, सीडीवरून घेतलेली असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे. रिदमबॉक्स, स्ट्रॉबेरी, लॉलीपॉप, क्वॉड लिबेट हे तर सगळे फाइल उलगडायला जीस्ट्रीमर हीच तयार कोडची लायब्ररी वापरतात. पुढे तो आवाज जातो पाइपवायरकडे, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज स्पीकर-हेडफोनपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेकडे. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने २०२१ साली ३४व्या आवृत्तीत आणि उबुंटूने २२.१० मध्ये पाइपवायर आपलासा केला. म्हणजे इक्वलायझर बंद असेल आणि व्हॉल्यूम सारखा असेल, तर फरक हेडफोनमध्ये आणि मूळ रेकॉर्डिंगमध्ये शोधायचा. या एका उत्तराने माझा केवढा तरी वेळ वाचवला. नाहीतर मी एकेक प्लेअर टाकून डोळे मिटून तुलना करत बसले असते.

प्लेअर आवाजावरून निवडायचा नाही, तर मग कशावरून? तुम्ही म्हणालात, त्याला तुझ्या फाइली वाचता येतात का, यावरून. आणि तिथूनच खरं काम सुरू झालं.

माझ्या जुन्या एमपीथ्री फाइलींपैकी काहींची नावं अर्धवट दिसायची आणि काहींच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरांची रांग यायची. मला वाटायचं की लिनक्सला मराठी जमत नाही. तुम्ही माझ्या शेजारी बसून किड३ नावाचा टॅग एडिटर उघडलात आणि एकाच फाइलीतले दोन टॅग दाखवलेत. किड३मध्ये ते टॅग १ आणि टॅग २ असे वेगवेगळे दिसतात. टॅग १ म्हणजे आयडीथ्री या एमपीथ्रीतल्या टॅगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती, टॅग २ म्हणजे दुसरी. पहिली म्हणजे फाइलीच्या शेवटी चिकटवलेले १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला फक्त ३० बाइट, आणि अक्षरं कुठल्या संकेतात आहेत हे सांगायची सोयच नाही. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला यूटीएफ-८ या संकेतात ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचे ३ बाइट वेगळे. तुम्ही कागदावर 'पहाटेची मैफल' लिहिलंत आणि बाइट मोजायला लागलात. 'पहाटेची' संपेपर्यंत २१, मोकळ्या जागेचा १, 'मै'चे ६, झाले २८. 'फ'ला ३ हवेत आणि उरलेत २. म्हणून 'फ' मधोमध तुटतो, 'ल' तर येतच नाही, आणि प्लेअर तिथे प्रश्नचिन्ह काढतो. एखादा प्लेअर तेच बाइट लॅटिन समजून वाचतो, तेव्हा ती रोमन रांग दिसते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. इतकं स्पष्ट मला कुणीच कधी समजावलं नव्हतं.

उपायही तुम्हीच करून दाखवलात. एका फोल्डरची आधी दुसरीकडे प्रत काढायची, तिच्यावरच प्रयोग करायचा. टॅग २ मध्ये पूर्ण नाव लिहायचं, टॅग १ काढून टाकायचा, फाइल जतन करायची. आयडीथ्रीच्या २.३ आवृत्तीत देवनागरी यूटीएफ-१६मध्ये बसते, २.४ मध्ये यूटीएफ-८सुद्धा चालतं. फ्लॅकच्या टॅगमध्ये यूटीएफ-८शिवाय दुसरं काही नसतंच, म्हणून तिथे ही भानगड होत नाही. ज्या अल्बमची माहिती म्युझिकब्रेन्झ या खुल्या माहितीसाठ्यात आहे त्यांच्यासाठी तिथून टॅग भरणारा पिकार्ड वापर, बाकीचं हाताने कर, घाई करू नकोस, असं सांगितलंत. मी तसंच केलं. एकेक फोल्डर नीट होत गेला, तसा प्रत्येक प्लेअर आपोआप चांगला दिसायला लागला.

दुसरी गोष्ट मैफलींची. माझ्याकडे सलग रेकॉर्डिंगचे तुकडे करून केलेल्या बऱ्याच फाइली आहेत. एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना मध्ये बारीकसा खड्डा जाणवायचा आणि लागलेला सूर तुटायचा. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या चौकटींमध्ये बांधलेली असते, एक चौकट म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. शेवटची चौकट भरायला आणि सुरुवातीला एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, थोडी शांतता घालतो. लेम हा एन्कोडर ती किती घातली हे फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवतो. प्लेअरने ते वाचून तेवढा भाग कापला तर जोड ऐकू येत नाही. फ्लॅकमध्ये अशी भर पडत नाही. म्हणून ज्या मैफलींच्या सीडी माझ्याकडे आहेत त्या मी पुन्हा फ्लॅकमध्ये उतरवल्या, आणि ज्या फक्त एमपीथ्रीत उरल्यात त्या डेडबीफ या दुसऱ्या प्लेअरमध्ये ऐकते. तिथे जोड कळत नाही. एकच प्लेअर वापरायला हवा असा नियम कुणी केलाय, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला होता.

रिप्लेगेनचंही तसंच. सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करायला मी फाइलीच बदलणार होते, तेव्हा तुम्ही थांबवलंत. रिप्लेगेन आवाजाला हात लावत नाही, टॅगमध्ये फक्त एक आकडा लिहितो आणि प्लेअर वाजवताना तेवढं कमी-जास्त करतो. अल्बम लावलास की अल्बमचा आकडा वापर, म्हणजे त्यातलं मुद्दाम हळू गायलेलं हळूच राहील, आणि सरमिसळ यादी लावलीस की प्रत्येक गाण्याचा.

पण सगळ्यात मोठे आभार मानायचेत ते तुम्ही शेवटी जे सांगितलंत त्याचे. तुम्ही एक्सएमएमएस या जुन्या प्लेअरच्या काळापासून लिनक्सवर ऐकताय. तो मागे पडला, त्याच्या वंशातून पुढे ऑडेशस आला. ॲमॅरॉक २००८च्या डिसेंबरात दुसऱ्या आवृत्तीत पार बदलला. ज्यांना जुना १.४ हवा होता त्यांनी त्यातून क्लेमेंटाइन काढला, तो २०१०मध्ये आला, आणि २०१८मध्ये क्लेमेंटाइनमधून स्ट्रॉबेरी निघाला. खुद्द ॲमॅरॉक बराच काळ गप्प राहून २०२४मध्ये तिसरी आवृत्ती घेऊन परत आला. बॅन्शी तर उबुंटूच्या ११.०४ आवृत्तीत मुख्य प्लेअर झाला आणि १२.०४मध्ये रिदमबॉक्सने जागा परत घेतली. हे सगळं तुम्ही जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी निघाव्यात तितक्या मायेने सांगितलंत. सोर्स कोड खुला असल्यामुळे कुणीतरी तो उचलून पुढे नेतं, याचं तुम्हाला वाटणारं कौतुक मला तेव्हा दिसलं. आणि मग म्हणालात, एका प्लेअरमध्ये आवडत्या गाण्यांना वर्षानुवर्षं दिलेले तारे मी असेच गमावलेत, कारण ते त्याच्या डेटाबेसमध्ये होते, गाण्यांमध्ये नव्हते. प्लेअर येतील-जातील, तुझी आवडनिवड फाइलीत लिही.

ते कसं लिहायचं, हेही तुम्ही तितक्याच बारकाईने सांगितलंत. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये गुण आणि किती वेळा ऐकलं ते ठेवायचा एक ठरलेला रकाना असतो, गुण १ ते २५५ असे. पण त्या आकड्याचे तारे किती, हे प्रत्येक प्लेअर आपापल्या मनाने ठरवतो, आणि फ्लॅकमध्ये तर रकान्याच्या नावावरही एकमत नाही. म्हणून ज्या गाण्यांवर खरंच जीव आहे त्यांच्या कॉमेंटच्या रकान्यात साधा शब्द लिहून ठेव. मी लिहिते. पहाटेसाठीच्या गाण्यांना 'पहाट', क्वचित काढायच्या गाण्यांना 'ठेवणीतलं'. उद्या आज नसलेला एखादा प्लेअर वापरायला घेतला तरी त्यात 'ठेवणीतलं' शोधलं की ती गाणी सापडतील.

आता मुख्य प्लेअर कोणता ते सांगते. क्वॉड लिबेट. स्ट्रॉबेरी शेवटपर्यंत शर्यतीत होता, आणि सुबक याद्या, अल्बमची चित्रं, सीडी वाजवणं हे सगळं एकाच जागी हवं असेल त्याला मी स्ट्रॉबेरीच सुचवीन. मला क्वॉड लिबेट भावला तो शोधामुळे. एका फाइलीत कलाकाराच्या रकान्यात अनेक नावं वेगवेगळी भरता येतात, त्यामुळे गायकाइतकेच साथीदारही सापडतात. तबल्याला कोण होतं यावरून मी आता मैफली काढते, आणि हे मला इतर कुठे इतक्या सहज जमलं नव्हतं. 'पहाट' असलेली, भरपूर तारे असलेली आणि गेल्या महिन्यात न ऐकलेली गाणी, एवढं एका ओळीत मागता येतं. तारे आणि ऐकल्याची नोंद टॅगमध्ये लिहायचा पर्यायही सेटिंगमध्ये आहे, तो मी पहिल्याच दिवशी चालू केला. दिसायला साधा आहे, पण विंडो मागेच असते, आणि कीबोर्डवरच्या थांबवा-पुढे जा बटणांनी काम होतं. ती बटणं एमप्रिसमुळे, म्हणजे प्लेअरना बाहेरून हुकूम द्यायच्या एका सामाईक पद्धतीमुळे, चालतात, म्हणून बहुतेक सगळ्या प्लेअरमध्ये सारखीच चालतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

अजून एक, कारण हे वाचणाऱ्या कुणाचा तरी जीव यात अडकलेला असेल. फ्लॅटपॅक या ॲप टाकायच्या पद्धतीतून टाकलेल्या प्लेअरला बाहेरची डिस्क दिसत नसेल तर डिस्क बिघडलेली नसते. फ्लॅटपॅक प्रत्येक ॲपला ठरावीक फोल्डरच उघडून देतं. फ्लॅटसील हे परवानग्या द्यायचं ॲप उघडून त्या प्लेअरला डिस्कचा पत्ता द्यायचा आणि प्लेअर बंद करून पुन्हा सुरू करायचा. तुम्ही हे मला फोनवर, जेवण बाजूला ठेवून सांगितलं होतंत.

काका, तुमच्याकडच्या जुन्या डिस्कवर अजून टॅग नसलेल्या मैफली आहेत असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. कोण गातंय, साथीला कोण आहे हे तुम्हाला ऐकून ओळखता येतं. तुम्ही सांगत जा, मी किड३मध्ये भरत जाते. कधी येऊ ते कळवा. आधी प्रत काढून ठेवीन.

तुमची कृतज्ञ,
लिनक्सवर नव्याने आलेली एक श्रोती